बुडालेल्या सुट्टीचा हिशेब

यंदा, २०२६ मध्ये, १५ ऑगस्ट शनिवारी आलाय आणि लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला. त्यामुळे या महिन्याच्या टपालात बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत: साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आलेली सणाची सुट्टी. त्यातली चार निवडली. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यात विचारलेल्या प्रश्नामागे एक न विचारलेला प्रश्न आहे.

प्रश्न : ताई, बाणेरला आमचं यंत्रांची ड्रॉइंग काढून देणारं ऑफिस आहे. मी हिशेब बघते, आणि आठ महिन्यांपासून पगारपत्रकही माझ्याकडे आलंय. आम्ही एकेचाळीस जण. पस्तीस महिना पगारावर आणि सहा रोजंदारीवर: दोन ड्रायव्हर, दोन शिपाई आणि सफाईच्या दोन मावश्या. शनिवार-रविवार ऑफिस बंद असतं. १५ ऑगस्ट शनिवारी आला म्हणून इंजिनियर मुलं सोमवारची सुट्टी मागताहेत. लंडनच्या क्लायंटला असा बदली सोमवार मिळतो, असं त्यांचं म्हणणं. साहेब म्हणतात, सरकारनं शनिवारी दिलेली सुट्टी आपण कशी हलवायची? मी पगारपत्रकात काय दाखवू? लक्ष्मीपूजनाचंही असंच होणार आहे.

उत्तर : तुमचं मूळ पत्र दोन पानी आहे. त्यात सोमवारच्या सुट्टीवर दीड पान आहे आणि रोजंदारीवरच्या सहा जणांवर एक ओळ: ‘त्यांना काम केलेल्या दिवसांचेच पैसे मिळतात.’ मी त्या ओळीपासून सुरुवात करते.

महिना पगारावरच्या माणसाची सुट्टी शनिवारी बुडाली तर त्याचा एक दिवसाचा आराम जातो. त्याच्या खात्यात जमा होणारी रक्कम तीच राहते. रोजंदारीवरच्या माणसाचा मात्र रोज जातो. १५ ऑगस्ट शुक्रवारी असता तर तुमच्या मावशींना त्या दिवसाचे पैसे द्यावे लागले असते की नाही? लागले असते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार तारखा कायद्यानंच ठरवल्या आहेत. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. कायद्यात तारखा लिहिल्या आहेत, वार लिहिलेले नाहीत. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की त्या सहा जणांना १५ ऑगस्टचा रोज द्यावा, शनिवार असला तरी. हजेरीपटावर त्या दिवशी ‘साप्ताहिक सुट्टी’ न लिहिता ‘पगारी सुट्टी’ लिहा. महिना पगारवाल्याला सुट्टीचे पैसे मिळतातच. ‘पगारी’ या शब्दाचा खरा उपयोग आहे तो ज्याचा रोज बुडू शकतो त्याला.

हे मी इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. २०१० साली १५ ऑगस्ट रविवारी आला होता. मी तेव्हा एका इंजिनियरिंग कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये, म्हणजे हजेरी आणि पगाराचा हिशेब ठेवतात तिथे, होते. सकाळी साडेसातला झेंडावंदन झालं, बुंदीचे लाडू वाटले, आणि एक माल बाहेर पाठवायचा होता म्हणून पॅकिंगची अकरा माणसं दुपारी दोनपर्यंत थांबवली. सुपरवायझरनं चिठ्ठी पाठवली: ‘रविवारचं काम, प्रत्येकी एक बदली सुट्टी.’ मी ती चिठ्ठी बघून मस्टरवर तसंच चढवलं. पगार झाला. दोन दिवसांनी पॅकिंगमधले एक काका कामगार आणि कंपनीतल्या कराराची घडी घातलेली प्रत घेऊन खिडकीशी आले. राष्ट्रीय सुट्टीला काम केलं तर दुप्पट रोज आणि वर एक सुट्टी, असं त्या करारात सरळ लिहिलेलं होतं. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही वार बघून लिहिलंत. तारीख नाही बघितलीत.”

ते खरं होतं. अकरा जणांचा फरक सप्टेंबरच्या पगारात काढून दिला, पण त्याआधी वरच्या साहेबांशी चार दिवस वाद घालावा लागला. त्यांचं म्हणणं, एवढ्या तेवढ्यानं काय होतं? त्यातल्या दोघांनी मुलांच्या फीसाठी पतसोसायटीकडून उचल घेतली होती, हे मला ठाऊक होतं. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत, आणि नंतर ज्यांना ज्यांना हे काम शिकवलं त्यांनाही, मी एकच सवय लावली. मस्टरचं पान उघडलं की आधी सुट्टीच्या तारखांवर शाईनं खूण करायची आणि मगच शनिवार-रविवारच्या रेघा ओढायच्या. आता कुणी शाई वापरत नाही. पण सॉफ्टवेअरमध्येही सण आणि साप्ताहिक सुट्टी एकाच दिवशी आली तर दोन्हींपैकी कुठली नोंद राहणार हे आधी कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. तुमच्याकडे ते काय ठरलंय, हे १५ ऑगस्टच्या आधी उघडून बघा. साप्ताहिक सुट्टी वरचढ ठेवलेली असेल तर सणाची नोंद मुकाट्यानं पुसली जाते आणि पुढे कुणी विचारलं तर दाखवायला काही उरत नाही.

तुमच्या ड्रायव्हरना त्या दिवशी झेंडावंदनासाठी साहेबांना घेऊन यावं लागणार असेल, तर ते काम आहे. कायद्यानुसार सणसुट्टीला काम करून घेतलं की त्या दिवसाचा दुप्पट रोज आणि बदल्यात दुसऱ्या दिवशी सुट्टी द्यावी लागते. रोज ७०० रुपये असेल तर त्या दिवसाचे १,४०० रुपये, आणि शिवाय एक बदली सुट्टी. ‘दोनच तास तर होते’ असं म्हणून ते अर्धा दिवस धरू नका.

आता मुलांचा सोमवार. लंडनचं ते म्हणतात ते बरोबर आहे. इंग्लंडमध्ये बँक हॉलिडे, म्हणजे तिथली सार्वजनिक सुट्टी, शनिवार-रविवारी आला की बदली दिवस मिळतो. यंदाच २६ डिसेंबर शनिवारी आहे, म्हणून त्यांना सोमवारी, २८ डिसेंबरला सुट्टी आहे. आपल्याकडे तसा नियम नाही. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, पण शनिवारी बुडालेल्या सुट्टीचा सोमवार त्यांनाही मिळत नाही. तेव्हा कायद्यावर बोट ठेवून मुलांना सोमवार मागता येणार नाही. मात्र साहेबांचं कारणही चुकीचं आहे. सरकार जी सार्वजनिक सुट्ट्यांची यादी काढतं ती १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २५ खाली. हा हुंड्या आणि धनादेशांचा कायदा. ती यादी सरकारी कचेऱ्यांसाठी आणि बँकांसाठी असते. खासगी ऑफिसला ती जशीच्या तशी लागत नाही, आणि ऑफिसनं कामगारांना जास्तीचा दिवस द्यायचा ठरवलं तर त्या यादीची आडकाठीही येत नाही. साहेबांना सोमवार द्यायचा नसेल तर तो त्यांचा निर्णय आहे. तो सरकारच्या नावावर टाकू नये.

मात्र एक गोष्ट जुन्या फायली काढून बघा. २०२१ मध्ये १५ ऑगस्ट रविवारी होता, २०२२ मध्ये १ मे आणि २ ऑक्टोबर दोन्ही रविवारी होते, २०२५ मध्ये २६ जानेवारी रविवारी होता. तेव्हा ऑफिसनं सोमवार दिला होता का? प्रत्येक वेळी दिला असेल तर ती तुमच्या ऑफिसची रीत झाली. मग यंदा नुसतं गप्प राहून ती मोडता येणार नाही. कामगारांच्या पगारी सुट्ट्यांत त्यांच्या तोट्याचा बदल करायचा तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. आता जुलै अर्धा सरलाय. तारखा मोजा.

लक्ष्मीपूजनाची गोष्ट निराळी आहे. ते कायद्यातल्या चार तारखांत नाही. तुमच्या आपसात ठरवायच्या चारांत ते कुणीतरी डिसेंबरमध्ये डोळे झाकून घातलं असणार, दरवर्षी घालतात म्हणून. यंदा रविवार आहे हे तेव्हाच दिसत होतं. १० नोव्हेंबरला मंगळवारी बलिप्रतिपदा आहे, ती घातली असती तर दिवाळीची एक सुट्टी सगळ्यांच्या पदरात पडली असती. अजूनही वेळ आहे. यादी बदलण्यावर बहुसंख्य कामगारांची सही घ्या, सहा रोजंदारीवाल्यांसकट, आणि बदललेली यादी फलकावर लावा. साहेबांनाही हे पटेल, कारण सुट्ट्यांची संख्या आठच राहते.

पुढच्या वर्षासाठी एक खूण सांगते, ती मला फार उपयोगी पडली. १ मे ज्या वारी येतो त्याच वारी २ ऑक्टोबर येतो, दर वर्षी, लीप वर्ष असो वा नसो. आणि १५ ऑगस्ट त्याच्या पुढच्या वारी. २०२७ मध्ये १ मे शनिवारी आहे. म्हणजे २ ऑक्टोबर शनिवारी आणि १५ ऑगस्ट रविवारी. पाच दिवसांच्या ऑफिसात कायद्यानं बांधलेल्या चारांतल्या तीन सुट्ट्या जाणार, फक्त २६ जानेवारी तेवढी मंगळवारी. एवढ्या सुट्ट्या एका वर्षात बुडत असतील तर ऑफिसनं निदान एक-दोन दिवस वरचे द्यावेत असं मला वाटतं. कायदा आठांवर थांबतो, पण त्यापेक्षा जास्त देऊ नका असं तो म्हणत नाही. ही गोष्ट साहेबांकडे येत्या डिसेंबरमध्ये काढा, पुढच्या एप्रिलमध्ये नको.

बाकीचं थोडक्यात. कुणी १४ ऑगस्टला शुक्रवारी आणि १७ ला सोमवारी रजा टाकली तर मधले दोन दिवस रजेत धरायचे का, असंही तुम्ही विचारलंय. काही ऑफिसांत तशी ‘सँडविच’ रजा धरतात. रविवारचं तुमच्या रजेच्या नियमात काय असेल ते असो, पण १५ ऑगस्ट रजेच्या खात्यातून वळता करू नका. ती त्याची पगारी सुट्टी आहे, तिच्यासाठी त्यानं आपली रजा का खर्चावी?

बिनपगारी दिवस कापताना भागाकार नीट बघा. ऑगस्टमध्ये ३१ दिवस, पाच शनिवार, पाच रविवार, म्हणजे कामाचे वार २१. ३१,००० पगारावरच्या मुलाचे दोन खाडे झाले तर ३१ नं भागून २,००० कापले जातात आणि २१ नं भागून २,९५२. कुठलीही पद्धत असो, ती वर्षभर एकच ठेवा. कापताना २१ आणि जादा कामाचे देताना ३१, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि ते अन्यायाचं आहे.

कुणाचा राजीनाम्याचा काळ १६ ऑगस्टला संपत असेल तर पगार १६ पर्यंतचा द्या, १४ ला तो शेवटचा ऑफिसात आला म्हणून १४ पर्यंतचा नव्हे. आणि जुलैचा पीएफ (भविष्य निर्वाह निधी) व ईएसआय (कामगार विमा) भरायची शेवटची तारीख १५ ऑगस्ट असते, दर वर्षी सुट्टीच्याच दिवशी. पुढच्या कामाच्या दिवशी भरू म्हणून थांबू नका. १२-१३ तारखेलाच चलन करून मोकळ्या व्हा.

प्रश्न : मॅडम, मी भोसरीला एका कारखान्यात मशीनवर आहे, रोजावर, पण कायम. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. मागच्या वर्षी २ ऑक्टोबरला गुरुवार होता, गांधी जयंती होती आणि दसराही होता. तिन्ही एकाच दिवशी गेले. यंदा शिवजयंती गुरुवारी, गुढीपाडवा गुरुवारी. आमच्याबरोबरचे म्हणतात नशीब. हे खरंच नशीब आहे का?

उत्तर : नाही. यातली गांधी जयंती तेवढी तुमच्या हातात नव्हती. दसरा मात्र हातात होता.

कारखान्यांत सणाच्या सुट्ट्या करारानं किंवा दरवर्षीच्या यादीनं ठरतात. २ ऑक्टोबर २०२५ ला दसरा येणार हे पंचांगात कधीचं छापलेलं होतं. यादीवर सही करायला जे कामगार प्रतिनिधी बसले त्यांनी दसऱ्याच्या जागी दुसरा सण घालून घ्यायला हवा होता. दसऱ्याला तुम्ही घरी असणारच होता, गुरुवार होता म्हणून. मग त्या एका सुट्टीच्या बदल्यात घटस्थापना मिळाली असती, किंवा बलिप्रतिपदा. कुणाचा सण कमी करा असं मी म्हणत नाही. जो दिवस आधीच मोकळा आहे त्याच्यावर पगारी सुट्टी खर्च करू नका, एवढंच म्हणते. यंदाही १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १९ मार्चचा पाडवा आणि २६ मार्चची रामनवमी, तिन्ही गुरुवारी होत्या. तुमच्या यादीत यातल्या किती आहेत ते मोजा.

सगळ्या राज्याला शनिवार-रविवारचा प्रश्न असतो, तुम्हाला गुरुवारचा. वर्तमानपत्रात ‘यंदा जोडून सुट्ट्या’ असं येतं ते तुमच्यासाठी नसतं. तुमचं कॅलेंडर वेगळं काढावं लागतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुढच्या वर्षीचं कॅलेंडर घ्या, सगळे गुरुवार पेन्सिलीनं खोडा, आणि उरलेल्या सणांतून कामगारांना काय हवंय ते विचारून मगच यादी करा. त्यात एक वाक्य लिहून घ्या: ठरलेली सुट्टी साप्ताहिक सुट्टीला आली तर बदली दिवस मिळेल, किंवा त्या दिवसाचा रोज मिळेल. व्यवस्थापन दोन्हींपैकी एकाला बहुतेक वेळा कबूल होतं. मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेली आहे, म्हणून सांगते. यादी होऊन गेल्यावर मागितलं तर जादा मागितल्यासारखं होतं. यादी करताना मागितलं तर तो हिशेबाचा भाग असतो.

तुम्ही रोजावर आहात, म्हणून तुमची ऑक्टोबरची जुनी पगारचिठ्ठी काढून बघा. २ तारखेला काय लिहिलंय? रकान्यात नुसतं शून्य असेल तर टाइम ऑफिसमध्ये जाऊन करारातलं राष्ट्रीय सुट्टीचं कलम शांतपणे दाखवा. एकट्यानं जाऊ नका, दोघं-तिघं जा, आणि अर्जाची पोच घ्या.

प्रश्न : आमचा रत्नागिरीत छोटा व्यवसाय आहे, बावीस माणसं. पगार एक तारखेला. एक तारीख रविवारी आली की आम्ही दोन तारखेला करतो. गेल्या वेळी दोघांचे घराचे हप्ते परत गेले आणि बँकेनं दंड लावला. ते आमच्यावर नाराज आहेत. चूक आमची आहे का?

उत्तर : हो. पूर्वी नसती, आता आहे.

पूर्वी रविवारी बँकेत काहीच हलत नसे. पगार जात नसे तसा हप्ताही कापला जात नसे, त्यामुळे दोन्ही सोमवारी सरकायचे आणि माणूस निभावून जायचा. १ ऑगस्ट २०२१ पासून हप्ते कापायची आणि पगार एकगठ्ठा पाठवायची व्यवस्था आठवड्याचे सातही दिवस चालते. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवायची एनईएफटी तर १६ डिसेंबर २०१९ पासूनच चोवीस तास सुरू आहे. म्हणजे तुमच्या माणसाचा हप्ता रविवारी बरोबर कापला जातो, पण तुमच्याकडे बँकेला मंजुरी देणारा भागीदार रविवारी घरी असतो म्हणून पगार थांबतो. अडतं ते बँकेत नाही, तुमच्याकडे.

कायद्यानं पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा, त्या हिशेबानं दोन तारीख चालते. पण बावीस घरांचे हप्ते, दूधवाल्याचं बिल, भिशी हे सगळं तुमच्या एक तारखेच्या शब्दावर बांधलेलं आहे. तारीख सुट्टीला आली तर पगार आदल्या कामाच्या दिवशी करा, पुढच्या नाही. वर ज्या १८८१ च्या कलम २५ चा उल्लेख आला, त्यात हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर ती आदल्या कामाच्या दिवशी देय होते असंच म्हटलंय. सावकारी व्यवहाराला जो न्याय तेव्हापासून आहे, तो मजुरीला का नको?

१ ऑगस्ट शनिवारी आहे; शनिवारीही तुमच्याकडे बंद असेल तर पगार ३१ जुलैला शुक्रवारी. १ नोव्हेंबर रविवारी आहे, आणि त्याच्या पुढच्या रविवारी लक्ष्मीपूजन. तो पगार ३० ऑक्टोबरला शुक्रवारी करा. लोकांची दिवाळीची खरेदी त्याच शनिवार-रविवारी असते. त्यासाठी हजेरी २५ तारखेपर्यंतची घ्या आणि उरलेल्या दिवसांचे खाडे पुढच्या महिन्यात वळते करा. पहिल्या वेळी घोळ वाटेल, तिसऱ्या महिन्यापासून हात बसतो. ज्या दोघांना दंड बसला त्यांचा दंड तुम्ही भरून द्या. रक्कम मोठी नसेल, पण ती त्यांच्या चुकीची नाही.

प्रश्न : ताई, आमच्याकडे स्वयंपाकाला एक काकू येतात. रविवारी त्यांची सुट्टी ठरलेली. दिवाळीला आम्ही त्यांना दरवर्षी लक्ष्मीपूजनाची सुट्टी देतो. यंदा लक्ष्मीपूजन रविवारी आलंय. त्या म्हणतात, भाऊबीजेला येणार नाही. पैसे कापायचे का?

उत्तर : कापू नका.

काकूंचं म्हणणं बरोबर आहे. तुम्ही दरवर्षी त्यांना दिवाळीचा एक दिवस देत आलात. यंदा तो त्यांच्या स्वतःच्याच रविवारी आला, म्हणजे तुम्ही अजून काहीच दिलेलं नाही. ११ नोव्हेंबरला, बुधवारी, भाऊबीज आहे. तो त्यांचा दिवस. त्यांनी जवळजवळ चार महिने आधी सांगितलंय, हे चांगलं झालं. त्या दिवशी पाहुणे जेवायला येणार असतील तर तुमची सोय तुम्ही आत्ताच बघा. शेवटच्या क्षणी ‘निदान सकाळी पोळ्या तरी करून जा’ असं त्यांना म्हणू नका, त्यांनाही भावाकडे वेळेवर पोचायचं असतं.

आणि भाऊबीजेचा दिवस दिला म्हणून दिवाळीच्या बोनसमधून काही वजा करू नका. तो हिशेब वेगळा आहे.